गोळा झालेली चांदणी

मला सगळे बर्फाचा गोळा म्हणतात, पण बोलतेय ती चांदणी. सरकारी शाळेच्या अडगळीच्या कपाटात, पृथ्वीच्या फुटक्या गोलाशेजारी माझा मुक्काम असतो.

चित्रकलेच्या बाईंनी मला जाड पुठ्ठ्यातून कापलं. समोरून चंदेरी कागद लावला आणि पाठ आपल्या लेकीला रंगवायला दिली. लेक तेव्हा पहिलीत होती. तिने निळ्या रंगात हात बुडवला आणि माझ्या मधोमध उमटवला. "आई, आता तुझा!" बाईंनी शेजारी आपला हात उमटवला. दर हिवाळी संमेलनात मी रंगमंचावर झुलायचे.

मग बाई आजारी पडल्या. आणि गेल्या.

त्या हिवाळ्यात लेक मुख्याध्यापकांकडे आली. "सर, आईची चांदणी लावाल ना?"

"लावणार म्हणजे काय, लावणारच!"

सर शब्दाचे पक्के, पण सगळ्यांना सांभाळून घेणारे. पालकसभेत एक काका उठले, "पाच टोकं म्हणजे अमक्यांच्या सणाची चांदणी. शाळेत एकाच धर्माचं कशाला?" सरांनी सहावं टोक चिकटवलं. जरा वाकडंच बसलं. "अहो, आता ती तमक्यांची झाली," एक ताई म्हणाल्या. सरांनी वैतागून कात्री घेतली आणि सगळीच टोकं उडवली.

"गोल म्हणजे चंद्र, सर. तोही कुणाचा तरी निघेल," शिपाईमामा हसले.

सरांनी समोरून कापूस थापला. झाला बर्फाचा गोळा! बर्फावर कुणाचीच हरकत नव्हती.

संमेलनात लेक मान वर करून शोधत राहिली. "सर, आईची चांदणी?"

"ती काय, तुझ्या डोक्यावर."

तिने नीट पाहिलं. "तो गोळा आहे," एवढंच म्हणाली, आणि मग गाणंभर तिने वर पाहिलं नाही.

ते दोन हात माझ्या पाठीवर तसेच होते. पण पाठ पडद्याकडे. वळायची खूप धडपड केली, पण शिपाईमामांनी मला दोन्ही बाजूंनी दोरीने आवळलं होतं. तेव्हापासून दरवर्षी हेच. ती येते, गाते, खाली बघत जाते.

यंदा तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष.

सर, मला टोकं परत नकोत. खुशाल गोळाच म्हणा. फक्त यंदा टांगताना माझी पाठ पुढे करा. हे हात कुणाचे, असं कुणी विचारलंच, तर सांगणारी समोरच उभी असेल.