पिसलेल्या पट्ट्या

आई जाऊन सव्वा महिना झाला होता. ती ज्या क्लासमध्ये शिकवायची, तिथल्या कपाटातलं तिचं सामान आणायला मी गेले. क्लास चालवणारे सर वर्गातच होते. त्यांनी एक नवंकोरं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. वर आईचं नाव, खाली 'क्रम लावा : उत्तरांसहित'.

"श्रद्धांजली म्हणून छापलं, ताई. बाईंची सगळी पाकिटं जशीच्या तशी उतरवली. काडीचा बदल नाही."

ती पाकिटं बघत मी लहानाची मोठी झाले. आई गोष्ट लिहायची, एकेका वाक्याची पट्टी कापायची, पत्त्यांसारख्या पट्ट्या पिसायची आणि पाकिटात घालायची. मुलांनी त्या लावायच्या आणि असाच क्रम का, हे तिला पटवून द्यायचं. कथा असो की धर्माचा इतिहास, पद्धत हीच. उत्तर ती कुठेच लिहून ठेवत नसे.

मी मधलंच एक पान उघडलं. धर्माचा इतिहास. उत्तर : संस्थापकांचा मृत्यू, अनुयायांत फूट, संस्थापकांनी पहिले शिष्य जमवले, संस्थापकांचा जन्म.

पिसलेल्या पट्ट्या हाताला जशा लागल्या, तशाच त्यांनी छापल्या होत्या.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी याच प्रश्नाचा तपासलेला पेपर घेऊन उठली. "सर, मेलेला माणूस शिष्य कसे जमवणार?"

"भूत होऊन," मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला.

"पुस्तकात आहे तेच बरोबर," सर म्हणाले. "बाईंपेक्षा तू शहाणी का?"

मुलगी परत बाकावर बसली. तिच्या पेपरवर दहापैकी शून्य होतं. त्या शून्यापायी तिचं नाव वरच्या तुकडीच्या यादीतून गेलं होतं, हे तिच्या शेजारणीने मला हळूच सांगितलं.

सव्वा महिना मी सगळ्यांचं सांत्वन मुकाट ऐकून घेतलं होतं. आता मात्र माझं डोकं फिरलं. जन्मभर मुलांना बोलतं करणाऱ्या बाईच्या नावाने एका मुलीचं तोंड बंद केलं जात होतं.

"सर, या पट्ट्या पिसलेल्या आहेत. हा प्रश्न आहे. तुम्ही प्रश्नच उत्तर म्हणून छापलात."

त्यांनी पान वाचलं. कान लाल झाले. "पुढच्या आवृत्तीत बघू. यादी लागलीय, पालकांना कळवलंय. आता मागे फिरलो तर क्लासची शोभा होईल."

"आईची झालेली चालते?"

"ताई, तुम्ही दुःखात आहात."

"आहे. त्याचा इथे काय संबंध? तिच्या तासाला एकदा तरी बसला होतात?"



मी टेबलावरचं लाल पेन उचललं आणि मुलीला विचारलं, "जन्म पहिला का लावलास?"

"त्याच्याशिवाय बाकीचं होणार कसं?"

शून्य खोडून मी दहा लिहिले आणि खाली माझी सही केली. "सर, यादी बदला, नाहीतर पुस्तकावरून तिचं नाव काढा. दोन्ही तशीच राहणार असतील, तर मी इथून घरोघरी पालकांकडे जाईन."

सर भिंतीवर टाचलेल्या यादीकडे गेले. मग एकेक टाचणी काढू लागले.

तोवर माझ्यासमोर आपापले पेपर घेऊन मुलांची रांग लागली. तिसऱ्या मुलाचा क्रम हुबेहूब पुस्तकातला होता. "असा का लावलास?" मी विचारलं.

"पाठ केला."

त्याला मी शून्य दिलं आणि म्हटलं, "बस इथे. पुन्हा लाव."