गारठलेला सूर्य

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि माझी वहिनी काठीशिवाय मंचावर चालत होती! टाळ्यांचा नुसता कडकडाट. आई डोळे पुसत होती. तिच्या खांद्यांवर आपली शाल पांघरणारे स्पर्शगुरू माइकवर गरजले, "पेशीपेशीत झोपलेला सूर्य मी जागा केला! आता औषधं फेकून द्या!"

सूर्य जागा झालाही असेल, मला मात्र त्या सभागृहातल्या एसीनं हुडहुडी भरली होती.

वहिनी बेकरीत भट्टीपाशी काम करायची. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा नसांचा आजार होता, पण चेहरा टवटवीत. बधिर पाय, धूसर होणारी नजर, नुसती आंघोळ केली तरी गळून जाणारं अंग, हे कुणाला दिसणार? आईचं ठाम मत होतं, "कामाच्या वेळीच बरी दमते!"

चमत्कारानंतर आईनं औषधं कपाटात कुलूपबंद केली आणि वहिनीला भट्टीवर धाडलं. दुपारी मला बेकरीवाल्याचा फोन आला. वहिनी पिठाच्या पोत्यावर बसली होती, डोळ्यांपुढे सगळं अंधुक. गुरूंना विचारलं, तर त्यांचं उत्तर तयारच होतं, "श्रद्धा पातळ झाली."

घरी आणून मी तिच्या मानेवर गार पाण्याचा टॉवेल ठेवला. हळूहळू नजर निवळली, तशी ती ताडकन उठून बसली. "अगं, त्यांची शाल अशीच गार होती!"

आम्ही तिच्या डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "नसांवरचं आवरण झिजलंय. अंग तापलं की मेंदूचे निरोप जास्तच अडखळतात, गार झालं की थोडा वेळ नीट पोचतात. आजार जात नाही. औषध आजच सुरू करा."

आईनं मुकाट्यानं कुलूप काढलं.

पुढच्या सभेत वहिनी पुन्हा मंचावर गेली. गुरूंनी शाल पांघरताच तिनं शालीची शिवण उसवली. धप्प! बर्फाच्या पिशव्या थेट गुरूंच्या पायावर.

"महाराज, तुमचा सूर्य फारच गारठलाय हो!"

सभागृह खदखदून हसलं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ तेवढे हसले नाहीत. "मी माझ्या मुलीच्या गोळ्या बंद केल्यात," ते पुटपुटले. वहिनी खाली उतरली, डॉक्टरांचा नंबर त्यांच्या हातात दिला. "आत्ताच फोन करा, काका."

मग धपकन खुर्चीत बसली.

"दमलीस?" आईनं पहिल्यांदाच विचारलं.

"खूप."

आईनं वाद घातला नाही.

तर मंडळी, आजारी माणूस धडधाकट दिसत असेल, तर काय होतंय ते त्यालाच विचारा. आणि एका रात्रीत धडधाकट झाला, तर डॉक्टरांना विचारा.