दोन बोटं घसरलेली नदी

पौषातलं ऊन. हिमस्पर्शानं निवलेलं, केतकीवर्ण, मंदगामी ऊन. कृष्णाकाठच्या त्या गावात ते सकाळी उशिरानं येई, कौलांवरून रेंगाळत उतरे, नगरवाचनालयाच्या माडीवर चढे आणि तिथं मांडलेल्या काचांमध्ये शिरून वेडं होई. पिवळं आत जाई आणि तांबडंलाल होऊन बाहेर पडे. पिवळं आत जाई आणि हिरवं, जांभळं, मोरपिशी होऊन भिंतीवर सांडे. इतकं देखणं ऊन पडलं होतं त्या शनिवारी, आणि शालनच्या डोक्यात नुसती सणक उठली होती.

रंगीत काचांच्या वर्गाचा तो विसावा शनिवार. वाचनालयाच्या नव्या दालनाला पाच खणांची खिडकी बसायची होती, आणि पाचही खणांतून एकच नदी वाहायची होती. पहिल्यात डोंगर, दुसऱ्यात झाडी, तिसऱ्यात घाट, चौथ्यात शेतं, पाचव्यात संगम. खण पाच, माणसं पाच, नदी एक. रथसप्तमीला उद्घाटन होतं आणि मधे उरले होते आठ दिवस.

दर शनिवारी मिराशी सर टेबलाटेबलापाशी जाऊन कुणाचं काम कुठवर आलं ते बघत. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या गुजरकाकांचा डोंगर उभा राहिला होता. जरासा कलता, पण उभा. कॉलेजातल्या ऋतुजाची झाडी हिरवीकंच झाली होती, तिचे दोन पक्षी मात्र अजून कागदावरच बसून होते. घाटाचा तिसरा खण वैजयंताचा, शेतांचा चौथा शालनचा, आणि ह्या दोघी सख्ख्या जावा. संगम स्वतः सर करत होते.

शालन थोरली. तीस वर्षं तिनं गावातल्या बायकांचे ब्लाउज बेतले, आणि एकाही बाईनं कधी काखेत तंग होतो म्हणून परत आणला नाही. वर्गात नाव आधी तिनं घातलं. वैजू आठवड्यानं आली, मीपण येते म्हणाली, आणि खिडकीजवळची खुर्ची ओढून बसलीसुद्धा.

आता शालनची नदी कशी होती ते ऐका. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एवढं लांब, एवढं नागमोडी वळण एका काचेत निघत नाही. काच दगा देते. तीन तुकडे करा, मधे शिशाची पट्टी घाला, दिसायला काही वाईट दिसत नाही. शालननं मान डोलावली आणि अखंड कापायला घेतली.

पहिली काच फुटली. दुसरी फुटली. तिसऱ्या वेळी काच कापायची हिरकणी सरळ फिरली, रेघ उमटली, आणि ठोका देताच काच भलतीकडेच तडकली. पाचवी तर सुटता सुटता, अगदी बोटभर राहिलं असताना फुटली, आणि त्या दिवशी शालनला जेवण गेलं नाही. अशा अकरा काचा फुटल्या. बारावी निघाली.

निघाली! नीलवर्णा, नागवळणी, निर्व्रण. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत एका श्वासात गेलेली, कुठं सांधा नाही, कुठं जोड नाही. सरांनी सगळ्यांना हाका मारल्या. गुजरकाका चष्मा पुसत आले, ऋतुजा हातातलं टाकून आली. शालनच्या हातचं काही बघायला माणसं जागची उठून आली, ती तिच्या बावन्न वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा.

तर त्या विसाव्या शनिवारी पाचही खण लांब टेबलावर प्रथमच एकाला एक लावून ठेवले. डोंगरातून नदी निघाली. झाडीत शिरली, झाडीतून बाहेर पडली, घाटाच्या पायऱ्यांशी आली, घाट ओलांडला आणि तिथं अडली. वैजूची नदी जिथं संपत होती तिथं शालनचं हरभऱ्याचं शेत होतं. शालनची नदी जिथून सुरू होत होती तिथं वैजूच्या घाटाची पायरी होती. मधे दोन बोटांचं अंतर होतं.

सरांनी मूळ आराखड्याचा कागद पसरला, मोजपट्टी लावली, एकदा मोजलं, दोनदा मोजलं, चष्मा काढून पुन्हा मोजलं. शालनची नदी केसभरही हलली नव्हती. संगमाच्या कडेलाही ती नेमकी जुळत होती. घसरली होती ती वैजूची, आणि हे सरांनीच मोठ्यानं सांगितलं.

चूक साधी होती. कापडात शिवणीसाठी माया सोडायची असते. काचेत नेमकं उलटं. दोन काचांच्या मधे शिशाची पट्टी बसते, म्हणून प्रत्येक काच पट्टीच्या जाडीइतकी कमी कापायची. वैजूनं कमी केलं नाही. एका काचेत ते डोळ्याला दिसतही नाही, पण पायरीखाली पायरी, पायरीखाली पायरी अशी तिची प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकत गेली आणि शालनच्या बाजूच्या कडेला नदी दोन बोटं खाली आली. तळाशी जे वाढलं ते तिनं छाटून टाकलं, चौकट मापात बसवली आणि सगळे सांधे कथलानं पक्के करून मोकळी झाली.

आणि शालननं सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. कार्तिकात, ह्याच टेबलापाशी, वैजू, पट्टीची जाडी धर गं, म्हणून सांगितलं होतं. वैजू हसली होती. अक्का, हे काय ब्लाउज आहे का, म्हणाली होती. सगळा वर्ग हसला होता, आणि त्यांच्याबरोबर, काय म्हणावं बाईला, शालनही हसली होती.

आता सर विचारात पडले. वैजूच्या खणात शहाऐंशी काचा, सगळ्या पक्क्या झालेल्या. शालनचे सांधे अजून कच्चे. तिची फक्त नदी काढायची, आजूबाजूची दोन शेतं काढायची, नदीचे तीन तुकडे करून डावीकडचा खाली वळवायचा, झालं. हिशेब सोपा होता. सरांनी तो अगदी मऊ आवाजात मांडला. वैजयंताताईंचा हात अजून बसलेला नाही, त्यांना एवढं उघडणं झेपायचं नाही. तुमचा हात बसलाय. शिवाय एकाच घरातल्या ना तुम्ही? आधीच बघायला नको होतं का?

“शालनताई, तुम्ही समजूतदार आहात,” सर म्हणाले. “तेवढं सांभाळून घ्या.”

सांभाळून घ्या.

हा शब्द शालनच्या कानात आज पडला नव्हता. तो लग्नाच्या वर्षापासून पडत होता. सासूबाईंच्या तोंडून, दिरांच्या तोंडून, नवऱ्याच्या तोंडून, नंतर नंतर न बोलता नुसत्या नजरेतून. वैजू नवी नवरी होऊन आली तेव्हा खिडकीची खोली तिला दिली आणि शालनचं शिलाई मशीन जिन्याखाली सरकवलं. सांभाळून घे, चार दिवसांचा प्रश्न आहे. त्या चार दिवसांची अठरा वर्षं झाली. अठरा वर्षं ती भरदुपारी दिवा लावून सुईत दोरा ओवत होती.

वैजूचं दूध उतू जाई, शालन उठे. वैजूचं पोर पडे, शालन उठे. वैजूच्या माहेरची माणसं न सांगता येत, आणि कणीक शालन वाढवी. वैजू वाईट होती असंही नाही, आणि चीड तर त्याचीच होती. गोड बोले, अक्का अक्का म्हणून मागंपुढं करी, चुकली की खळखळून हसे, आणि चूक तिथंच टाकून पुढं जाई. ती कुणी उचलायची, हे घरात कुणी कधी ठरवलं नव्हतं. ठरवायची वेळच शालननं कुणावर येऊ दिली नव्हती.

संताप आधी पोटात आला. मग छातीत आला, कानशिलांत आला, तळहातांत आला. रक्तवर्ण, तप्त, कित्येक वर्षं झाकून ठेवलेला संताप. सरांचा आला, वैजूचा आला, मेलेल्या सासूबाईंचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला तो स्वतःच्या त्या डोलणाऱ्या मानेचा. समजूतदार! समजूतदार म्हणजे जिला विचारावं लागत नाही ती.

सरांनी तोवर पक्कड उचललीसुद्धा होती. पक्कड शालनच्या खणाकडे निघाली होती, हिरव्या शेताच्या कडेवरून निळ्या वळणाकडे निघाली होती, आणि नदीच्या कडेला तिचं टोक टेकणार एवढ्यात शालननं आपला हात मधे घातला. पालथा पंजा, नदीवर सपाट.

“नाही,” ती म्हणाली.

सरांना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी पुन्हा समजावलं. आठ दिवस उरलेत, पाहुण्यांना निमंत्रणं गेली आहेत, नदी अशीच बसवली तर तुटलेली दिसेल, गावात हसं होईल. बोलता बोलता त्यांचा आवाज थोडा चढला. गुजरकाका भिंतीकडे बघू लागले.

शालनचा आवाज चढला नाही. तो कापायला बसलेल्या बाईचा आवाज होता, माप सांगणारा.

“माझी नदी बरोबर आहे. जिची घसरली तिनं उघडावी. आठ दिवस तिलाही आहेत.”

वैजू हसायला गेली. हसू अर्ध्यावर थांबलं, कारण समोरून नेहमीसारखं हसू आलं नाही. मग तिचे डोळे भरले. खरेच भरले, तिचं रडू कधी खोटं नसे. “अक्का, मला नाही हो जमणार,” ती म्हणाली.

“मलाही जमत नव्हतं,” शालन म्हणाली. “अकरा फुटल्या.”

मग तिनं आपला खण दोन्ही हातांनी उचलला. जड होता, शिसं आणि काच, पाच महिन्यांच्या दुपारी त्यात बसल्या होत्या. कुणालाही हात लावू न देता तिनं तो खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन टेकवला, खुर्ची ओढली आणि त्याच्यापाशी बसली. गावातल्या कुठल्याही बाईनं असं उघड्यावर रागावून बसू नये अशी ती बसली होती. पाठ ताठ, ओठ घट्ट, पदर खोचलेला.

सरांनी हातातली पक्कड खाली ठेवली. मग त्यांनी इस्त्रीचं बटण दाबलं, म्हणजे सांध्यांवरचं कथिल वितळवायची टोकदार इस्त्री, आणि ती वैजूच्या टेबलावर ठेवली. पहिले दोन सांधे त्यांनी सोडवून दाखवले. तिसरा तुम्ही करा, म्हणाले, आणि ऋतुजाच्या पक्ष्यांकडे निघून गेले.

वैजूनं तिसरा सांधा सोडवला. चौथा सोडवला. शिशाची पट्टी वाकवून तिनं घाटाची सगळ्यांत वरची पायरी पकडली, जरा ओढली, जरा जास्त ओढली, आणि पायरी तडकली.

आवाज लहान होता. पण माडीवरच्या सगळ्यांनी तो ऐकला आणि सगळ्यांनी मान वळवली. वैजूकडे नाही, शालनकडे. वैजूनंही शालनकडेच पाहिलं, अर्धी पायरी हातात धरून.

शालनचे गुडघे उठायला निघाले. खोटं कशाला सांगू, निघालेच. सवय मोठी वाईट असते, तिला राग कळत नाही. तिला इथून दिसत होतं की वैजूनं पक्कड उलटी धरली आहे, अंगठा भलत्या जागी आहे, पुढची पायरीही अशीच जाणार. दोन मिनिटांचं काम होतं. उठायचं, तिच्या हातातलं घ्यायचं, जा गं, चहा टाक म्हणायचं.

तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि दाबून धरले.

ऊन कललं होतं. तिच्या खणातून ते आत येत होतं, शेतांतून हिरवं, बांधांतून तपकिरी, आणि त्या एका अखंड वळणातून निळं. निळं ऊन तिच्या मांडीवर आलं. निळं ऊन मनगटांवर आलं. शिरा वर आलेल्या, सुया टोचून खरबरीत झालेल्या त्या दोन हातांवर ते लांबलचक पसरलं, आणि हात हलले नाहीत.

टेबलावर दुसरी पायरी तडकली. शालन बसून राहिली.