मल्हारीची कुरकूर

मार्गशीर्ष लागला की मखमलाबादच्या मल्हारीचं कामात लक्ष लागत नसे. एरवी वर्षभर हा माणूस शेवंतीच्या वाफ्यातून मान वर करायचा नाही. पण मार्गशीर्षातला तो एक रविवार आला की मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पेठ रस्त्यापासून होईल तितकं लांब, त्याला काहीतरी काम निघायचंच. आणि काम कितीही लांब काढलं तरी रस्त्याने जाणाऱ्या जिपांचा आवाज काही यायचा राहत नसे. मल्हारी खुरपं हातात धरून नुसता ऐकत बसे. हिचा पट्टा सैल झालाय, ह्या बाबाने उगाच दुसऱ्या गिअरवर ताणलीय, ही नवी दिसते. शेवटची जीप लांब गेली की तो उठून घरी येई आणि बायकोवर विनाकारण चिडे.

"जायचं हाय तर जा की," गोजराबाई म्हणे. "कोणी पाय बांधलेत का तुमचे?"

"मला कुठं जायचंय," असं म्हणून मल्हारी शेवंतीचं पाणी गुलाबाला सोडून मोकळा होई.

सहा वर्षं हे असंच चाललं होतं. नवऱ्याच्या मनात काय सलतंय ते गोजराबाईला चांगलं ठाऊक होतं, पण ती गोष्ट घरात काढायची सोय नव्हती.

त्या जिपा 'चाकोरीबाहेर मंडळा'च्या. मंडळ कसलं, हौसच ती. सरळ रस्त्यावरून गाडी चालवण्यात ज्यांना राम वाटत नाही अशा नाशिकच्या वीसेक लोकांनी वर्षातून एकदा सुरगाण्याच्या बाजूच्या डोंगरात जायचं, ओढ्यानाल्यांतून जिपा घालायच्या, अडकायचं, एकमेकांना ओढून काढायचं आणि अंगभर चिखल घेऊन बायकांची बोलणी खायला घरी यायचं. नोकरचाकर कोणी नाही. कोणी चहा सांभाळी, कोणी दोर, कोणी निशाण घेऊन नाल्यावर उभा राही. हे खूळ काढलं दोघांनी. एक मल्हारी आणि दुसरा पंचवटीतला गोविंद गायधनी.

गोविंद बँकेत नोकरीला. घरी वडील यात्रेकरूंच्या पूजा सांगत, आणि पूजेची फुलं मल्हारीच्या जुन्या जिपेतून येत. तेवढीच काय ती ओळख. एकदा मल्हारी पेठच्या पलीकडे सासुरवाडीला निघाला होता, आणि सुट्टी आहे म्हणून गोविंदही सहज शेजारी चढून बसला. वाटेतल्या नाल्यावरचा फरशीपूल वाहून गेलेला. मल्हारीने मागेपुढे न बघता जीप नाल्यात घातली. पलीकडच्या काठावर पोचल्यावर गोविंद, ज्याला साधी सायकल धड येत नव्हती, म्हणाला, "मल्हारी, परत एकदा जाऊ." ते परत गेले, परत आले, पुन्हा गेले. सासरा बिचारा पान वाढून दाराशी उभा राहिला तो राहिलाच. पुढे मंडळ झालं, माणसं वाढली, पण त्या दोघांची जोडी तीच राहिली. मल्हारीने चालवायचं आणि गोविंदने शेजारी बसून वाट सांगायची. त्या आवाजावर मल्हारीचा इतका भरवसा, की गोविंद सांगेल तिकडे तो डोळे मिटून चाक वळवी.

मंडळात एक शब्द फार मानाचा होता. ड्रायव्हर. गाडीचे मालक काय, सगळेच होते. पण पाणी अंगावर आलेलं असताना ज्याचा हात हलत नाही, तो ड्रायव्हर. ही पदवी मंडळात दोघातिघांनाच होती, आणि पहिली मल्हारीची.

दोन हजार साली पाहुणेबिहुणे बोलावून पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात बक्षीस समारंभ केला, तिथे घात झाला. मल्हारी इस्त्रीचा सदरा घालून, गोजराबाईला आणि मेहुणा केरूला घेऊन गेला होता. गोविंदने माईक हातात घेतला. त्याचा ऊर भरून आला होता. तो म्हणाला, "आणि हा आमचा ड्रायव्हर, मल्हारी." मंडळवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या दिवशी कार्यालयात मंडळाबाहेरचीच माणसं जास्त होती. समारंभ संपल्यावर पाहुण्यांच्या बाईंनी मल्हारीच्या हातावर किल्ली ठेवली. "ड्रायव्हर, आमची गाडी जरा सावलीत लावता का?"

मल्हारीने लावली. नीट, झाडाखाली लावली. किल्ली परत दिली आणि न जेवता घरचा रस्ता धरला. वाटेत केरूने अगदी साध्या मनाने विचारलं, "दाजी, तुम्ही ह्या लोकांकडं नोकरीला हाय काय?"

त्यातला 'ड्रायव्हर' मल्हारीने एक वेळ गिळला असता. 'आमचा' काही गिळवेना. पुढच्या वर्षी त्याने जीप विकून टाकली आणि फुलांसाठी टेम्पो घेतला.

गोविंद येईल तेव्हा त्याला काय सुनवायचं ते मल्हारीने पाठ करून ठेवलं होतं. वाक्य मोठं झणझणीत होतं. पण गोविंद आलाच नाही, आणि बोलून न दाखवलेला राग किती दिवस ताजा राहणार? वर्षा-दोन वर्षांत त्याची धार गेली आणि नुसती वाट पाहणं उरलं. पंचवटीत फुलं द्यायला तो केरूला पाठवी आणि केरू परत आला की आडून आडून विचारी, "मग, कोण कोण भेटलं?" केरूने दहा नावं घेतली तरी मल्हारीला हवं असलेलं एकच नाव असे. ते आलं की तो हळूच विषय काढी, की यंदा जिपा कुठे गेल्या होत्या, किती अडकल्या, चहा वेळेवर मिळाला का. मित्राची आठवण येते हे कबूल करायला त्याची जीभ रेटत नव्हती, एवढंच.

आणि मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी गोविंद खरोखरच आला. रिक्षा रस्त्यावर सोडून बांधावरून तोल सावरत येणारी ती बारकी मूर्ती मल्हारीने लांबूनच ओळखली. केस पिकले होते. पाठ केलेलं वाक्य ऐन वेळी आठवेना.

"वहिनी, चहा टाका," गोविंद ओट्यावर टेकत म्हणाला, जणू कालच येऊन गेला होता. मग मल्हारीकडे न बघता घाईघाईने बोलायला लागला. "मंडळाचं काम आहे. मागच्या वर्षी नऊच गाड्या आल्या. मंडळातली नवी मुलं म्हणाली, सोडून गेलेल्यांनाही विचारा, काय चुकतं, काय सुधारायला हवं. तेव्हा म्हटलं, तुझी कुरकूर घ्यावी."

कुरकूर ही मंडळाची जुनी चाल. कार्यक्रम झाला की गोविंद घरोघर जाऊन प्रत्येकाची तक्रार गोळा करी. नियम एकच, चांगलं बोलायचं नाही. 'छान झालं' म्हणणाऱ्याला पुढच्या वर्षी चहाची पातेली घासावी लागत.

म्हणजे हा मंडळाच्या कामाला आलाय, माझ्यासाठी नाही, हे ऐकून मल्हारीला वाईट वाटलं. पण तोंड उघडलं मात्र, आणि सहा वर्षांचं सगळं भडाभडा बाहेर पडलं. "पहिलाच चढ तुम्ही सकाळी घालता. गाड्या गार असतात, नवा माणूस तिथंच खचतो. आधी नाला घ्या, मग चढ. निशाणवाल्याला उन्हाकडं तोंड करून उभं करता, त्याला गाडी दिसंल का? बायामाणसांना आडोसा नाय. दोर एकच, तो पण पार शेवटच्या गाडीत."

गोविंद खिशातल्या कागदावर भराभर लिहीत होता. मधेच थांबला. "तू तर येत नाहीस. मग हे तुला कसं कळलं?"

"केरू सांगतो."

"केरू सांगतो, की तू विचारतोस?"

गोजराबाईने चहाचे कप आणून ठेवले आणि चौकटीशीच उभी राहिली.

"अजून काही?" गोविंदने विचारलं.

आता बोललं नाही तर जन्मात बोलणं व्हायचं नाही, हे मल्हारीला कळत होतं. त्याने कप खाली ठेवला.

"अजून एक हाय. मायकावर जे बोलता ना तुम्ही, ते सुधरा. त्याचा लय तरास झाला मला."

गोविंदने कपाळावर हात मारला. "अगदी बरोबर बोललास. अरे, काय ती खरखर! मलाच माझा आवाज कळत नाही, लोकांना काय कळणार. ह्या वेळी मंडपवाल्याला दमच देतो, नवा माईक दे म्हणून." आणि त्याने ठळक अक्षरांत लिहिलं, 'माईक बदलणे'. लिहिता लिहिता त्याला काहीतरी सुचलं. "त्या समारंभाच्या दिवशी तुझे कान दुखले होते का रे? म्हणून जेवायला थांबला नाहीस? मी पान मांडून ठेवलं होतं तुझं, माझ्या शेजारी. पंगत उठेपर्यंत कोणाला बसू दिलं नाही."

मल्हारी त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. त्या तोंडावर आडपडदा नावाची चीज कधी नव्हती, आजही नव्हती. ह्या माणसाने भरल्या गळ्याने मंडळातली सगळ्यात मोठी पदवी त्याला सगळ्या गावासमोर दिली होती, आणि 'आमचा' म्हणताना त्याच्या मनात दुसरं काही आलं असेल तर ते एवढंच, की हा माझा आहे. गोजराबाई तोंडाला पदर लावून आत गेली. ती हसत होती की रडत होती, देव जाणे.

खरं काय ते सांगून टाकावं असं मल्हारीच्या ओठावर आलं होतं. पण सांगितलं असतं तर हा भला माणूस उरलेला जन्म स्वतःला टोचून घेत बसला असता. "हां," तो म्हणाला. "कान लय दुखत होते." मग घसा खाकरून त्याने विचारलं, "तू का नाय आलास इतके दिवस?"

"तू जीप विकलीस. मला वाटलं, तुला कंटाळा आला असेल, माझाही. आणि जीप नसलेल्या माणसाला 'चल' कुठल्या तोंडाने म्हणू?" गोविंद कपातला गाळ निरखत होता. "मीही आता गाडीत बसत नाही. नावं नोंदवायच्या टेबलावर असतो. दोघांतिघांनी बोलावलं, पण दुसऱ्याच्या शेजारी बसवेना."

मल्हारीला भडभडून आलं. राग होता तोवर दोष कोणाचा हे तरी ठाऊक होतं. आता ही सहा वर्षं कोणाच्या माथी मारायची? तो उठला, शेवंतीच्या वाफ्याला एक फेरी मारून, डोळे पुसून परत आला आणि म्हणाला, "रविवारी किती वाजता निघायचं?"

रविवारी ते दोघे निशाण घेऊन नाल्यावर उभे राहिले. जीप नसलेल्यांना तेच काम. एकेक गाडी पाण्यात उतरे आणि मल्हारीचा डावा पाय चपलेतल्या चपलेत क्लच दाबी. त्याला आपली विकलेली जीप इतकी आठवली की गोविंदशीही धड बोलवेना.

दुपारी नामपूरचा एक कांद्याचा व्यापारी नवीकोरी जीप घेऊन नाल्याच्या तोंडाशी आला आणि तिथेच थबकला. दोनदा पुढे केली, दोनदा मागे घेतली. शेवटी खाली उतरून त्याने मल्हारीपुढे हात जोडले आणि अहिराणीत गाऱ्हाणं घातलं. "दादा, गाडी मनी शे, पन मनं आयकत नही. तुम्हीच काढा."

मल्हारीने निशाण त्याच्या हातात दिलं आणि चाकामागे बसला. गोविंदला हाक मारायला म्हणून वळला तर गोविंद आधीच शेजारी बसलेला, एक हात पुढच्या दांडीला आणि मान बाहेर काढलेली.

"सरळ घे. सरळ. आता डावीकडे घे, दगड आहे. थांब. हं, सोड."

पाणी चाकावर चढलं. मल्हारीने बाहेर बघितलंच नाही. तो फक्त त्या आवाजाकडे कान देऊन होता, आणि त्याला वाटत होतं की हा माणूस असाच बोलत राहावा, डावीकडे, उजवीकडे, काहीही. पण पुढची चाकं काठाला लागली, जीप हिसका देऊन वर चढली आणि नाला संपला. मागच्या काठावर व्यापारी निशाण हलवत नाचत होता. मल्हारीने इंजिन बंद केलं, तरी हात चाकावरून निघेनात.

"काय रे," गोविंदने चष्म्यावरचे शिंतोडे पुसत विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगलं बोलायचं नाय ना?"

"नियम आहे."

"मग लिही. नाला लय आखूड हाय."

गोविंदने खिशातून ओला कागद काढला आणि खरोखरच मांडीवर ठेवून लिहून घेतलं, 'नाला लांबवणे'. मान वर न करताच त्याने विचारलं, "किती लांब हवा?"

मल्हारीने पलीकडच्या काठाकडे पाहिलं.

"सहा वर्षं भरून निघतील एवढा," तो म्हणाला.