एका टेकचे काका

सिनेमात नायकाचा बाप, न्यायाधीश किंवा मध्यंतराआधी खून होणारा वकील हवा असला की काकांना फोन जायचा. हा माणूस वाक्य चुकत नाही, एका टेकमध्ये काम देतो, अशी त्यांची ख्याती. पूर्वी ती ऐकून काकांना बरं वाटायचं. पुढे लक्षात आलं, या ख्यातीमुळेच आपला शॉट कायम शेवटी लागतो. नायकाने कितीही टेक खाल्ले तरी सगळे धीर धरतात, आणि मग काकांचं काय, ते एकात देतात, असं म्हणत उरल्यासुरल्या वेळात त्यांना उरकतात.

या खेपेला भूमिका जरा बरी होती. मुलाला घराबाहेर काढणारा बाप शेवटी त्याची माफी मागतो. इतकं सलग बोलणं उभ्या कारकिर्दीत वाट्याला आलं नव्हतं. काकांनी एकच अट घातली: कॅमेरा आपल्यावर असताना नायकाने समोर उभं राहून स्वतःची वाक्यं स्वतः बोलायची. दिग्दर्शक म्हणाला, हे काय सांगायला हवं?

सांगायला हवंच होतं. आधी नायकाचा क्लोजअप झाला. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून काका त्याला प्रत्येक टेकला जीव ओतून वाक्यं देत राहिले. अखेर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, टाळ्या पडल्या. कॅमेरा काकांकडे वळेपर्यंत तो मेकअप उतरवायला गेलासुद्धा. त्याच्या जागी कन्टिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, पाहणाऱ्या बाई संवादांचा कागद घेऊन उभ्या राहिल्या.

काकांनी अटीची आठवण करून दिली. काका, तुम्ही भिंतीशी बोललात तरी लोक रडतील, असं म्हणून दिग्दर्शकाने घड्याळ पाहिलं.

बाईंनी वाचलं, "बाबा, तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का, कंसात, आवंढा गिळतो."

आवंढा काकांनीच गिळला. मग सगळं बोलून दाखवलं, अक्षर इकडचं तिकडे न होऊ देता. दिग्दर्शक खूश झाला. काकांना मात्र ठाऊक होतं, आपण मुलाची नाही, कागदाची माफी मागितली.

त्यांनी आणखी एक टेक मागितला. लोकांना ती थट्टा वाटली. कॅमेरामन म्हणाला, जमलेल्या भाजीत पुन्हा मीठ कशाला? एक दिवा मालवलादेखील गेला.

"मधली एक ओळ मी खाल्ली," काका म्हणाले. "तो समोर नसेल तर पुन्हा खाईन."

दिग्दर्शकाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी कागद पाहिला, काकांना पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "गाळली त्यांनी."

नायक आला तो गळ्याला नॅपकिन बांधूनच, वैतागलेला. "काका, तुम्ही पण ना," एवढंच म्हणाला आणि त्याच वैतागात त्याने पहिलं वाक्य फेकलं. काकांना हेच हवं होतं. रागावलेलं पोर समोर उभं होतं. ते बोलत गेले. मधली एक ओळ या वेळी खरोखर राहून गेली, हे बाईंनाच कळलं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

काकांनी ओळ खाल्ली, या बातमीला मात्र पाय फुटले. दुसऱ्या दिवशी काका पोहोचले तेव्हा कॅमेऱ्याशेजारी मोठा फळा होता. त्यावर त्यांची वाक्यं ठळक अक्षरांत लिहिलेली.

शूटिंगचा व्यवस्थापक त्यांच्याशी एकेक शब्द सुटा करून बोलला. "काका, आता टेन्शन घ्यायचं नाही. वयानुसार होतंच. तुमचा शॉट पहिला लावलाय, सकाळी डोकं ताजं असतं ना. आणि हिरोला सांगितलंय, तुमचं होईपर्यंत समोरून हलायचं नाही."

काकांचं डोकं तडकलं. मला सगळं पाठ आहे, हे वाक्य अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात नायक मेकअप करून, मुकाट्याने, खुणेच्या जागी येऊन उभा राहिला.

काकांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि फळा मोठ्याने वाचायला घेतला.