नवा गॅसवाला

शनिवारी सकाळी मी, माझा नवरा केदार आणि केया कोट-टोप्या चढवून दारात उभे, हातात बटाट्याच्या पॅटिसचा भला मोठा ट्रे, आणि माझे सासरे इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसलेले.

"तुम्ही जाऊन या," ते म्हणाले. "मी थांबतो घरी."

हे त्या आठवड्यातलं तिसरं 'मी थांबतो घरी' होतं. मंगळवारी लायब्ररीला आले नाहीत. गुरुवारी इंडियन ग्रोसरीत आले नाहीत, जिथं ते एरवी तांदळाच्या प्रत्येक पोत्याचा भाव वाचत तासभर रमतात. आणि आज मराठी मंडळाचं पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ न्यायचा. मी आधीच घाईत होते, पॅटिस तळताना हाताला चटका बसला होता, आणि माझा स्वभाव तसाही काही थंड नाही.

"बाबा, तब्येत बरी नाही का?"

"ठणठणीत आहे."

"मग कोणी काही बोललं का तुम्हाला?"

"कोणी काही नाही बोललं बाप्पा! घरी कोणीतरी पाहिजे ना."

"का पाहिजे?"

त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी छताकडे बघितलं. तेवढ्यात आमची आठ वर्षांची केया बूट घालता घालता म्हणाली, "आजोबा इज वेटिंग फॉर द गॅस मॅन. इट्स अ सीक्रेट."

"कुठला गॅस मॅन?" मी आणि केदारनं एकदमच विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नाही हे बाबांच्या लक्षात आलं असावं. ते उठले, खोलीत गेले आणि एक फाइल घेऊन आले. नागपूरला एस.टी.च्या भांडारात चौतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढलेला माणूस. टायर, स्प्रिंगा, ऑइलची पिंपं, सगळी खरेदी याच हातांखालून गेलेली. सप्टेंबरात आमच्याकडे अमेरिकेतल्या डब्लिनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या मसाल्याच्या डब्यांना तारखांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. फाइलमध्ये आमचं नोव्हेंबरचं गॅसचं बिल होतं, एका कॉन्ट्रॅक्टची पिवळी कार्बन कॉपी होती आणि फूटपट्टीनं रेघा मारलेला एक तक्ता होता. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'तुलनात्मक तक्ता'.

"दहा दिवस झाले," बाबा म्हणाले. "एक पोरगा आला होता दारावर. गळ्यात कार्ड, हातात पॅड. थंडीत नुसता कुडकुडून राहिला होता. मी म्हटलं, ये आत."

"मी चहा दिला. आणि चिवडा," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं म्हणणं असं दिसलं की चिवडा खाल्लेला माणूस वाईट असू शकत नाही.

त्या पोरानं गॅसचं बिल बघायला मागितलं आणि बाबांनी ते फ्रिजवरून काढून त्याच्या हातात दिलं. का नाही देणार? नागपुरात दारावर आलेला कंपनीचा माणूस बिल मागतो आणि आपण देतो. इथं त्या बिलावरचा अकाउंट नंबर म्हणजे घराची किल्ली, हे त्यांना सांगायचं आम्हाला कधी सुचलंच नाही.

"पण मी आंधळेपणानं सही नाही केली हां," बाबा तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले. "हे बघा. शंभर युनिट गॅस, बिल एकशे बासष्ट डॉलर. म्हणजे युनिटला एक बासष्ट. या पोराच्या कंपनीचा भाव एक एकोणतीस. महिन्याला तेहेतीस डॉलर सुटतात! आता फक्त त्यांचा माणूस यायचाय. जुनी लाइन काढेल, नवी जोडेल, रेग्युलेटर बदलेल. आणि घरी कोणी नसलं तर परत जाईल ना तो! म्हणून तर थांबून राहिलो."

ते इतक्या आनंदानं सांगत होते की मला हसूही येईना आणि रागही नीट येईना. इस्त्रीचे कपडे घालून दहा दिवस हा माणूस एका रेग्युलेटरची वाट बघत बसला होता!

केदारला मात्र हसू आलं नाही. त्या वर्षी दक्षिणेकडच्या राज्यांत वादळांनी गॅसच्या विहिरी बंद पडल्या तेव्हापासून गॅसचे भाव चढलेले, आणि बिल आलं की हा दोन दिवस नुसते उसासे टाकायचा. त्यानं टेबलावरची टपालाची चळत उपसली. जाहिराती समजून मी बाजूला टाकलेली चार पाकिटं फोडल्यावर एक पत्र निघालं. आमच्या जुन्या गॅस कंपनीचं. तुम्ही पुरवठादार बदलल्याचं कळलं, नको असेल तर सोमवारपर्यंत रद्द करा. म्हणजे पाकीट न उघडणारी शहाणी मीच.

"सोप्पं आहे," केदार म्हणाला. "कॉन्ट्रॅक्ट व्हॅलिडच नाही. हिमानी, अकाउंट तुझ्या नावावर, बाबा व्हिजिटर. तू नव्या कंपनीला फोन कर आणि सांग, ज्यानं सही केली त्याला या घरात काही अधिकार नाही. पाच मिनिटांत कॅन्सल करतील."

तो काही वाईट बोलला नाही. खरं तेच बोलला. पण बाबांनी तक्त्याची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली आणि खिशात ठेवून दिली. पॅटिस गार होत होते, म्हणून केदार केयाला घेऊन पुढे गेला. मी कोट काढला आणि फोन घेऊन टेबलाशी बसले.

नंबर फिरवणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "हिमानी, केदारला सांग, तिकीट आधीचं मिळतं का बघ म्हणावं. डिसेंबरातलं."

"काहीतरीच काय! फेब्रुवारीचं तिकीट आहे तुमचं."

"आहे ना. पण इथं आमचा उपयोग काय? उलट व्याप."

सासूबाई ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. त्या वळल्या नाहीत, म्हणजे हे बोलणं त्यांच्यात आधी झालेलं होतं. मी फोन खाली ठेवला.

"आधी तो तक्ता काढा," मी म्हटलं.

"राहू दे तो."

"काढा म्हणते ना!"

माझा आवाज चढला की घरात कोणाचं काही चालत नाही. बाबांनी तक्ता काढला. मी बिल उलटं केलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. "एकशे बासष्ट हा सगळा आकडा गॅसचा नाही, बाबा. हे बघा, गॅसचे एकशे अठरा. हे खालचे चव्वेचाळीस घरापर्यंत पोचवण्याचे, पाइपाचे, मीटरचे. पुरवठादार कोणीही घ्या, पाइप जुन्याच कंपनीचा राहणार, आणि हे चव्वेचाळीस तिलाच जाणार. कोणी काही काढत नाही, कोणी काही जोडत नाही. सिलिंडर नाही हा."

बाबांनी चष्मा पुसला. बिल वाचलं. परत वाचलं. मग त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, उगाच सांगितलं.

"म्हणजे माल वेगळा आणि वाहतूक वेगळी," ते हळूच म्हणाले. "आणि मी ह्याचा नुसता माल आणि त्याचा वाहतुकीसकट माल शेजारी शेजारी मांडला. एक अठराला मिळतो तो गॅस मी एक एकोणतीसनं घेऊन बसलो. चौतीस वर्षं, हिमानी, चौतीस वर्षं कोटेशन हातात आलं की पहिलं हेच पाहायचो मी, भाव वाहतुकीसकट आहे का. शिपायालासुद्धा शिकवलं होतं."

"अहो, आम्हीही घर घेतल्यावर वर्षभर नुसता शेवटचा आकडा भरत होतो. केदारला आजही विचारा, त्याला नाही सांगता येणार." हे अगदी खरं होतं.

पण ते ऐकत नव्हते. त्यांनी पिवळी कॉपी पालथी केली, खिशातलं भिंग काढलं आणि करड्या बारीक अक्षरांवर धरलं. थोड्या वेळानं बोट एका ओळीवर थांबलं. "आणि हा भावही तीन बिलांपुरता. पुढं कंपनी म्हणेल तो. लबाड लेकाचे!" हे मीही वाचलं नव्हतं. तसं म्हटल्यावर जरा बरं वाटलं त्यांना, पण जराच.

"बाबा, एक विचारू? इतकं बारीक बघणारा माणूस तुम्ही. त्याच दिवशी सही का केलीत? संध्याकाळी आम्हाला विचारलं असतं तर?"

त्यांनी भिंग खिशात ठेवलं. शर्टाच्या बटणाशी चाळा करत म्हणाले,

"त्या पोरानं आत आल्यावर मला विचारलं, सर, या घरातले निर्णय तुम्ही घेता का? आता काय सांगू त्याला? नाही म्हणू? दोन महिने झाले, मला इथं कोणी काही विचारलं नव्हतं. तुम्ही सगळं करता, हवं ते आणता, गाडीत बसवून नेता-आणता. तुमची तक्रार नाही, बेटा. पण विचारत नाही कोणी. मी म्हटलं, येस."

दोन महिने मी किती प्रेमानं वागते म्हणून स्वतःवरच खूश होते. त्यांना नाश्त्याला काय हवं तेसुद्धा मीच ठरवत होते, आणि ते गुपचूप ओट्स खात होते.

मी नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर ठेवला. बऱ्याच वेळानं एक बाई आली. तिनं माझं नाव, अकाउंट नंबर विचारला. मी सांगितलं, मला हे रद्द करायचंय.

"मॅम, इथं सही मिस्टर अरुण खानझोडे यांची दिसते," ती इंग्रजीत म्हणाली. 'खानझोडे'चं तिनं जे काय केलं ते सोडा. "या घराचे निर्णय घ्यायचा त्यांना अधिकार होता का? नसेल तर तसं सांगा. मी लगेच रद्द करते."

एवढं इंग्रजी बाबांना चांगलं कळत होतं. ते टेबलाकडे बघत बसले होते, पट्टी खायला हात पुढे केलेल्या पोरासारखे. नाही म्हटलं की काम संपत होतं. केदारनं हेच सांगितलं होतं. एक शब्द!

"होता," मी म्हटलं. "ते माझे सासरे आहेत. घरातले मोठे. त्यांना अधिकार आहे."

"मग मॅम, रद्द त्यांनाच करावं लागेल. रेकॉर्डवर. कारणासह."

मी फोन बाबांपुढे सरकवला. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, जणू ती बाई बघतेय, घसा साफ केला आणि एस.टी.च्या पत्रव्यवहारात चौतीस वर्षं मुरलेल्या इंग्रजीत सुरुवात केली.

"मॅडम, युवर कोटेशन इज नॉट कंपॅरेबल. डिलिव्हरी चार्जेस आर नॉट मेन्शन्ड. रेट इज फॉर थ्री बिल्स ओन्ली. देअरफोर, काइंडली ट्रीट द सेम अ‍ॅज कॅन्सल्ड."

"सर, आमच्याकडे दुसरी एक ऑफर..."

"नो, मॅडम," बाबा म्हणाले. "आय हॅव डिसायडेड."

तिनं कॅन्सलेशन नंबर दिला. बाबांनी तो तक्त्याखाली लिहिला, तिच्याकडून दोनदा वदवून घेतला, तारीख घातली, सही केली. मग चष्मा काढून डोळे पुसले, अगदी उघडपणे, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हो म्हटलंस तू."

"मग काय म्हणणार!" मी म्हटलं. "आणि तिकिटाचं नाव काढलंत ना, तर मीच फाडून टाकीन ते. आता सांगा, आणखी काय बदलायचंय या घरात? मी विचारतेय."

मला वाटलं, ओट्स म्हणतील. ते मात्र ओट्याकडे बघत राहिले.

"वसुधा, सांगू का?" त्यांनी विचारलं.

"नका हो," सासूबाई म्हणाल्या. "उगीच काहीतरी."

"हिला थंडी वाजते रात्री," बाबा म्हणाले. "फार वाजते. दोन स्वेटर घालून झोपते, तरी पाय गरम होत नाहीत. हीटरही गॅसवरचाच. तो वाढवा म्हणायचं होतं. पण केदार बिल पाहून उसासे टाकतो ना. मी म्हटलं, आधी गॅस स्वस्त करू, मग म्हणू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री सगळे झोपले की मीच तर जिन्याखालचा हीटरचा काटा बासष्टवर, म्हणजे आपल्याकडच्या सतरा अंशांवर, आणत होते. सासूबाई घरात स्वेटर घालतात ते मला दिसत होतं, रोज दिसत होतं, आणि मी समजत होते, आवडत असेल.

मी उठले, त्यांचा हात धरून त्यांना जिन्यापाशी नेलं. हात बर्फासारखा गार होता.

"किती करू, आई? तुम्ही सांगा."

त्यांनी आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"परवडेल तेवढं कर," त्या म्हणाल्या.

मी तिथेच रडायला लागले, आणि रडत रडतच काटा पंचाहत्तरवर नेला.