मास्तरांची काळी पाच

एकविसाव्या वर्षी ती पहिल्यांदा बँडपुढे उभी राहिली, तेव्हा तिचा आवाज ऐकून ट्रम्पेटवाल्याने विचारलं होतं, ही घोगरी कुठून धरून आणली? नाव चिकटलं. आधी चिडवायला, मग लाडाने, आणि पुढे तर जाहिरातीच्या फलकांवरही तेच छापून यायला लागलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव दवाखान्याच्या कागदांपुरतं उरलं.

सकाळी ती शिंप्याच्या दुकानात काजं करायची आणि दुपारी, लोकांच्या चहाच्या वेळेला, हॉटेलच्या दिवाणखान्यात जॅझ गायची. गाणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. रेडिओवर ऐकायचं, काजाच्या टाक्याटाक्याला घोळवायचं, आणि मधेच शब्द सोडून नुसत्या आवाजाशी खेळत सुटायचं. शिंपी म्हणायचा, बाई, काज सरळ रेषेत असतं, गाण्यासारखं वळवू नका. तिने लग्न केलं, मोडलं, आणि दोन्ही वेळा ती रविवारच्या कार्यक्रमाला वेळेवर हजर होती. नाचाचे हॉल बंद पडले, जॅझ म्हाताऱ्यांचं झालं, तिने पुन्हा सुई हातात घेतली. मग कुठून कोण जाणे, तरुण पोरं तिच्या जुन्या रेकॉर्डी शोधत आली आणि घोगरी पुन्हा फलकावर चढली.

या सगळ्या चढउतारात एक माणूस कायम होता, तो म्हणजे मास्तर. शाळेत गाणं शिकवायचे म्हणून मास्तर, एरवी तिचे पियानोवादक. कार्यक्रमाआधी दोघांचं बोलणं ठरलेलं. ती म्हणायची, "मास्तर, काळी पाच." म्हणजे पियानोच्या पाचव्या काळ्या पट्टीवर सा धरायचा, उंच पट्टी, तिच्या अभिमानाची. मास्तर स्टूल पुढे ओढत म्हणायचे, "काळी पाच." की झालं सुरू. गेल्या वर्षी मुलाखतीत तिने ठणकावून सांगितलं होतं, की इतक्या वर्षांत माझी पट्टी सूतभर हललेली नाही. शेजारी बसलेल्या मास्तरांना तेव्हा ठसका लागला. तिने त्यांना पाणी दिलं.

यंदा मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, डावा हात गेला. आणि शहरातल्या एका जुन्या हॉलने तर तिच्या पन्नास वर्षांचा कार्यक्रम ठरवून ठेवलेला, रविवारी दुपारी चार वाजता. मास्तरांची सून स्वतः पियानो शिकवायची. तीच म्हणाली, मी बसते. सासऱ्यांनी लिहिलेले गाण्यांचे कागद घेऊन ती तालमीला आली. घोगरीने सवयीने सांगितलं, काळी पाच. सुनेने कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मोठ्या माणसाला कशाला शिकवा, म्हणून मुकाट्याने काळी पाच धरली.

पहिल्या कडव्यालाच घोगरीला कॉलर आवळल्यासारखं झालं. वरच्या ओळीला आवाज चिरकला. खाकरून पुन्हा धरली, पुन्हा चिरकला. तिसऱ्यांदा तर आवाज आलाच नाही, नुसता वारा आला. ती म्हणाली, पियानो चढवून ठेवलाय कुणीतरी.

घरी धाकट्या बहिणीला सांगितलं. धाकटी भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "गाता येईना, पियानो वाकडा."

तरी घोगरीने पियानो जुळवणाऱ्याला बोलावलंच. त्याने तासभर एकेक तार तपासली, हत्यारं पिशवीत भरली आणि सांगितलं, पियानो चोख आहे. दुसरं काही तपासून हवं असेल तर ते माझ्या धंद्यात बसत नाही.

तो गेल्यावर ती खुर्चीत बसून राहिली. सुनेला म्हणाली, हॉलवाल्यांना कळव, जमत नाही म्हणून. एकाहत्तर म्हणजे काही कमी नाही. लोकांनी टाळ्या दयेने वाजवायच्या आधी थांबलेलं बरं.

सुनेने गाण्याचा कागद तिच्या मांडीवर ठेवला. वरच्या कोपऱ्यात, जिथे पट्टी लिहितात, तिथला कागद खोडून खोडून विरला होता. उजेडाकडे धरल्यावर एकाखाली एक दिसलं, दर वेळी अर्धा स्वर उतरत: काळी पाच. पांढरी सहा. काळी चार. पांढरी पाच. आणि शेवटी, पेन्सिलीने पुसट, काळी तीन.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल, मावशी," सून म्हणाली.

घोगरीने चपला घातल्या आणि सुनेला घेऊन तडक मास्तरांचं घर गाठलं. मास्तर खिडकीपाशी बसले होते, मांडीवर निर्जीव डावा हात, पाहुण्याची पर्स सांभाळायला दिल्यासारखा. तिने कागद त्यांच्या पुढ्यात धरला. मास्तरांनी पाहिला, आणि चोर पकडला जावा तसे हसले, अर्ध्याच तोंडाने, कारण अर्धंच हलत होतं.

मग त्यांनी सांगितलं. पट्टी ते कधीच अचानक उतरवायचे नाहीत. तिला मोठी सर्दी झाली, किंवा ती महिनाभर बाहेरगावी गेली, की परतल्यावर अर्धा स्वर खाली. ती गायची आणि म्हणायची, विश्रांतीने आवाज कसा मोकळा झालाय बघा. मास्तर म्हणायचे, खरंच की. बाकीच्या वादकांना नवे कागद द्यायचे आणि तोंड बंद ठेवायला सांगायचे. ट्रम्पेटवाला मरेपर्यंत कटात सामील होता.

तिला आधी राग आला. मग तो मुलाखतीतला ठसका आठवला आणि कान गरम झाले. पन्नास वर्षं ज्याच्यावर डोळे मिटून विसंबली, त्याने तिला लहान मुलाला औषध पाजावं तसं गुळातून खाली आणलं होतं.

"मला सांगायचंत ना."

"सांगितलं असतं तर तू गाणं सोडलं असतंस," मास्तर अडखळत म्हणाले. "बावन्नाव्या वर्षीच. मला तुझा स्वभाव ठाऊक आहे. तुझा अभिमान हलवण्यापेक्षा मला माझी बोटं हलवणं सोपं."

तिने बोटांवर मोजलं. बावन्न ते एकाहत्तर. एकोणीस वर्षं. पोरं जुन्या रेकॉर्डी घेऊन आली ती त्यातच. सगळ्यात चांगलं गायली असं ज्याला लोक म्हणत, तेही त्यातच, आणि ते सगळं कुठे तर पांढरी पाचात आणि काळी तीनात.

मग तिने विचारलं, की हात चालता असता तर आता काय केलं असतंत? मास्तरांनी सुनेकडे बोट केलं, मग तिच्याकडे. म्हणजे, आता तुमचं तुम्ही बघा.

दुसऱ्या दिवशी तालमीला ती पहिल्यांदाच पियानोच्या बाजूला स्टूल घेऊन बसली. सुनेला म्हणाली, तू वाजव, मी सांगते. काळी तीनला गाऊन पाहिलं. बरं होतं, पण वर जाताना टाचा उचलाव्या लागत. अजून एक खाली, म्हणाली. पांढरी चार. तिथे मात्र गाणं सैल झालेल्या जुन्या कोटासारखं अंगावर बसलं. शेवटची ओळ ती जन्मभर वर चढवून संपवत आली होती. आता ती खाली उतरली, एकेक पायरी, आणि तळाशी असा एक स्वर सापडला जो एकविसाव्या वर्षी तिच्याकडे नव्हताच. तिने तो पुन्हा लावून पाहिला, खात्री करायला. सून वाजवायची थांबली होती.

"थांबू नकोस गं," घोगरी म्हणाली, "आत्ता कुठे सापडतंय."

रविवारी हॉल भरला. पहिल्या रांगेत मास्तर चाकाच्या खुर्चीत, शेजारी धाकटी, ठेवणीतली साडी नेसून. घोगरी माइकपाशी आली. लोकांना नमस्कार केला, आणि काय वाटलं कोण जाणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गेल्या वर्षी मी मुलाखतीत खोटं बोलले, पण मला ते माहीत नव्हतं." लोक हसले, अर्थ न कळता. मास्तर खुर्चीतल्या खुर्चीत वितळले.

मग ती पियानोकडे वळली.

"सूनबाई, पांढरी चार."

"पांढरी चार," सून म्हणाली आणि स्टूल पुढे ओढलं.

दोन कडवी शब्दांची झाली. तिसऱ्याला तिने शब्द सोडले आणि नुसत्या आवाजाने पायऱ्या उतरायला लागली, कुठे थांबायचं ते न ठरवता.